रूळ नवे, बैल तेच

गेल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या एका सभागृहात परिसंवाद झाला. विषय होता 'डिजिटल लाट आणि आपले जुने उद्योग'. बडोद्यातल्या मराठी कार्यक्रमात नाटक नसेल तर मागच्या रांगा रिकाम्याच राहतात. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. श्रोत्यांतले निम्मे मकरपुरा नाहीतर नंदेसरीच्या कारखान्यांत आयुष्य काढून निवृत्त झालेले, आणि त्यांतल्या बहुतेकांची मुलं पुण्या-बंगळुरूला संगणकावर पोट भरणारी. विषय घरचाच होता म्हणायचा. पहिले वक्ते तरुण सल्लागार. त्यांनी तासाभरात किमान सहा वेळा फोटोची फिल्म बनवणाऱ्या, दिवाळखोरीत गेलेल्या कोडॅकचं नाव घेतलं आणि "बदला, नाहीतर संपाल" असं बजावून ते खाली बसले. दुसरे वक्ते एका जुन्या कंपनीचे निवृत्त संचालक. "विश्वास काही डाउनलोड होत नाही, साहेब," या एका वाक्यावर त्यांनी सभागृह जिंकलं. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. एकमेकांच्या विरुद्ध बोलणाऱ्या दोघांना त्याच श्रोत्यांकडून तितक्याच टाळ्या मिळत असतील तर वाद झाला तरी कुठे? दोन सुभाषितं ऐकून आम्ही सेव-उसळ खायला बाहेर पडलो.

हा वाद सगळीकडे असाच घातला जातो म्हणून लिहायला बसलो. एक पक्ष म्हणतो यंत्र घ्या, दुसरा म्हणतो यंत्राने सगळं होत नाही. प्रश्न यंत्राचा आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेलं. माझं मत वेगळं आहे. जुनी कंपनी यंत्राअभावी क्वचितच बुडते. यंत्र तिच्याकडे बहुधा असतं. कधी कधी तर तिनेच ते शोधलेलं असतं. पण ज्या मिळकतीवर, ज्या माणसांच्या शब्दावर आणि ज्या मोजमापावर ती आजवर जगली, त्यातलं काही सोडायची वेळ येते तेव्हा कोणीच काही सोडत नाही, आणि तिथे ती बुडते. म्हणून कोणतं तंत्रज्ञान घ्यावं हा दुय्यम प्रश्न. काय बंद करायचं, ते बंद करायचा अधिकार कोणाचा, आणि त्याचा तोटा कोणाच्या ताटातून कापायचा, हे आधी ठरलं पाहिजे. ही तीन उत्तरं नसतील तर अ‍ॅप काढा, क्लाउडवर जा, नाहीतर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा विभाग थाटा, फरक पडत नाही.

याचा सगळ्यात बोलका दाखला खुद्द बडोदे संस्थानाचा आहे, आणि बडोद्यातच भरलेल्या परिसंवादात तो कोणाला आठवला नाही. 1862 साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अशी अरुंद मापाची रेल्वे घातली. हिंदुस्थानातली ती पहिली नॅरो गेज. बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली त्याला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती, म्हणजे संस्थान काळाच्या मागे होतं असं म्हणायची सोय नाही. फक्त या रुळांवरून डबे ओढायला बैल जुंपलेले होते. इंजिन आणून पाहिलं तर हलके रूळ त्याचं वजन पेलेनात. जड रूळ टाकून मार्ग नव्याने बांधावा लागला, आणि इंजिनं नियमित धावू लागेपर्यंत दशकभराहून अधिक काळ गेला.

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मातीच्या रस्त्यापेक्षा रुळावर बैल कितीतरी जास्त वजन ओढतो. पावसाळ्यात चाक रुतत नाही. डभोईच्या व्यापाऱ्याला फायदा झालाच असणार. अडचण इथेच आहे. अर्धवट बदलाने काहीच हाती लागलं नसतं तर कोणीही तो लगेच सोडून दिला असता. पण तो थोडा फायदा देतो, आणि त्या थोड्या फायद्यावर माणूस समाधानी होतो. मग रूळ कोणाच्या वजनाच्या हिशेबाने टाकले आहेत हे विचारायचं राहून जातं. आजच्या जुन्या कंपन्यांमधलं बहुतेक 'डिजिटायझेशन' मला या डभोईच्या गाडीसारखं वाटतं. कागदाची फाईल जायची त्या नऊ टेबलांवरूनच आता ई-मेल जाते. लवकर जाते, हे खरं.

मी स्वतः एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या हिशेब विभागात तीस वर्षं काढली. कंपनीचं नाव सांगत नाही. ती आता वेगळ्या मालकांकडे आहे आणि तिथली माणसं माझी माणसं आहेत. तिथे मोठा गाजावाजा करून ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब सगळं एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं. दीड वर्ष सल्लागार येत-जात होते, त्यांच्यासाठी काचेची केबिन बांधली, लक्ष्मीपूजनाला चोपड्यांच्या शेजारी सर्व्हरलाही कुंकू लावून स्वस्तिक काढलं. आणि तरीही स्टोअरमध्ये कोणतं बेअरिंग किती शिल्लक आहे हे बघायचं झालं की सगळे जण, अगदी कारखान्याचे जनरल मॅनेजरसुद्धा, स्टोअरकीपरच्या लाल वहीकडे वळायचे. संगणकात चाळीस, रॅकवर अकरा. असं का, हे शोधायला मला सहा महिने लागले. स्टोअरकीपर काही बेइमान नव्हता. प्रत्येक विभागप्रमुखाने अडीअडचणीला म्हणून थोडा माल आपापल्या कपाटात दडवून ठेवलेला होता, आणि त्या मालाचा हिशेब फक्त लाल वहीत सांकेतिक खुणांनी होता. संगणकात खरा आकडा घालायचा तर प्रत्येकाला आपलं कपाट उघडावं लागलं असतं. कोण उघडणार? सॉफ्टवेअर चांगलंच होतं. त्याच्याशी खरं बोलायची कोणाची तयारी नव्हती.

पण खरा फटका बसला तो सुट्या भागांत. पंपावर आम्हाला फारसं काही सुटत नसे. सुटायचं ते सील, इम्पेलर, शाफ्ट स्लीव्ह या भागांवर. पंप एकदा विकला की पुढची पंधरा वर्षं गिऱ्हाईक आपलं. त्या भागांचे भाव मात्र कुठेही छापलेले नव्हते. डीलर फोनवर भाव सांगायचा, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा, आणि त्या वेगळेपणातच त्याचं घर चालायचं. आमच्या वेबसाइटवर प्रत्येक भागाच्या चित्राखाली एकच ओळ होती: 'भावासाठी संपर्क साधा'. एका बैठकीत एका तरुण इंजिनियरने सुचवलं की सगळे भाव साइटवर टाकू, गिऱ्हाईक थेट मागवेल, आणि ज्या डीलरच्या भागातला माल असेल त्याला ठरलेलं कमिशन आपोआप देऊ. खोलीत शांतता पसरली. मग विक्रीप्रमुख म्हणाले, "उद्या डीलर दुसऱ्याचे पंप ठेवतील. या तिमाहीचा आकडा कोण भरणार, तू?"

विक्रीप्रमुख चुकत नव्हते, हे मला आजही मान्य करावं लागतं. डीलर खरोखरच बिथरले असते. तिमाहीचा आकडा खरोखरच पडला असता. आणि तो पडल्यावर ज्यांचा बोनस कापला गेला असता त्यांच्यात भाव उघड करायचा निर्णय घेणारा एकही माणूस नव्हता. प्रस्ताव 'अभ्यासासाठी' गेला. पुढच्या काही वर्षांत राजकोटकडचे छोटे कारखानदार आमच्याच पंपांना बसणारे भाग फोटो आणि भावासकट ऑनलाइन विकू लागले. गिऱ्हाइकं गेली त्याचं नवल वाटलं नाही. आमचे काही डीलरही तिकडूनच माल उचलू लागले, तेव्हा मात्र जिव्हारी लागलं. मधल्या काळात आमचं डिजिटल धोरण काय होतं? आम्ही डीलरांसाठी एक देखणं अ‍ॅप काढलं होतं. त्यावर कॅटलॉग होता आणि दिवाळीला शुभेच्छा यायच्या. भाव नव्हते.

आता कोडॅककडे वळू, कारण ते नाव घेतल्याशिवाय या विषयावर कोणाचं भाषण पुरं होत नाही आणि बहुतेक जण ते चुकीच्या कारणासाठी घेतात. कोडॅक झोपलं होतं, ही दंतकथा आहे. डिजिटल कॅमेरा 1975 साली कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनियरने जुळवला; एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. पुढे कंपनीने या तंत्रावर भरपूर पैसा ओतला. 2005 च्या सुमारास अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कोडॅक पहिल्या क्रमांकावर होतं. याला झोप म्हणायचं? मग जानेवारी 2012 मध्ये ते दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत का पोचलं? कारण कंपनी जगत होती ती फिल्म, छपाईचा कागद आणि रसायनांवर, आणि तिथे मिळणारा नफा कॅमेऱ्याच्या विक्रीत कधीच नव्हता. 2001 मध्ये तिने ओफोटो ही ऑनलाइन फोटो ठेवायची सेवा विकत घेतली. घेऊन काय केलं? लोकांनी त्या फोटोंच्या जास्तीत जास्त कागदी प्रती मागवाव्यात म्हणून ती वापरली. आमच्या 'भावासाठी संपर्क साधा'ची ही सख्खी बहीण. नवी वाट हाती आली तरी तिला जुन्या तिजोरीकडेच वळवायचं.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला इथेच दिसतो, आणि परिसंवादातल्या निवृत्त संचालकांनी तो मांडला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तो असा: जुनी मिळकत म्हणजे काही पाप नव्हे. तीच पगार देते, पीएफ भरते, नव्या प्रयोगाचा खर्चही तीच उचलते. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही त्या स्टार्टअपने 'स्वतःच स्वतःचा धंदा मोडा' असा उपदेश हजार कुटुंबं पोसणाऱ्या कंपनीला करणं सोपं आहे. त्या उपदेशकाच्या स्वतःच्या तोट्याचे पैसे गुंतवणूकदार भरत असतो. शिवाय कोडॅकने फिल्म उद्याच बंद केली असती तर परवाच मेलं असतं. हे सगळं बरोबर आहे.

पण मग फुजीफिल्मचं काय करायचं? धंदा तोच, वादळ तेच, आणि अवलंबून राहणंही काही कमी नव्हतं: 2000 च्या सुमारास फुजीच्या नफ्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग फोटोग्राफीतून येत होता. शिगेताका कोमोरी यांच्या हाती सूत्रं आली आणि त्या कंपनीने वेगळाच प्रश्न विचारला. फिल्म विकून आपण कमावतो हे ठीक, पण फिल्म बनवताना आपल्याला नेमकं काय करता येऊ लागलं? पातळ थरांवर रसायनं अचूक पसरवता येतात, जिलेटिन म्हणजे कोलॅजेनची नस ठाऊक आहे, रंग हवेने उडू नये यासाठी ऑक्सिडेशन कसं रोखायचं ते कळतं. या जाणकारीतून एलसीडी पडद्यांना लागणाऱ्या फिल्मचा धंदा उभा राहिला, पाठोपाठ त्वचेच्या प्रसाधनांचा आला, 2008 मध्ये तोयामा केमिकल ही औषध कंपनी घेतली. 2006 मध्ये कंपनीने आपल्या नावातून 'फोटो' हा शब्दच काढून टाकला. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पेढीने नावातून 'अँड सन्स' काढण्याइतकंच हे कठीण असावं. एक गोष्ट मात्र फुजीची कौतुकं करणारे सहसा वगळतात: त्याच काळात फोटोच्या विभागातल्या सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. सोडणं फुकट झालं नाही. जुनी मिळकत सुरू असताना, हातात पैसा असताना, त्यांनी तोटा ठरवून घेतला. कोडॅककडेही पैसा होता. त्यांनी तो तोटा पुढच्या साहेबावर ढकलला आणि पुढच्या साहेबाने त्याच्या पुढच्यावर.

'आधी मोडा' आणि 'अजिबात मोडू नका' यांच्यामध्ये एक जागा असते ती अशी. जुन्या धंद्याचा पैसा घ्या, पण त्याला नव्यावर नकाराधिकार देऊ नका. आमच्या पंपांच्या कंपनीत नेमकं उलटं होतं: भाव उघड करण्याचा निर्णय ज्यांचं नुकसान होणार त्या विक्री विभागाकडेच सोपवलेला होता. बोकडालाच सुरीला धार लावायला सांगितल्यावर सुरी बोथट राहिली याचं आश्चर्य कशाला?

दुसरा आक्षेप वेळेचा. घाई करणारेही बुडतात, थांबणं शहाणपणाचं असू शकतं, दुसऱ्याने ठेच खाल्ली की आपण शहाणं व्हावं. हेही खोटं नाही. पहिल्या लाटेतल्या किती ऑनलाइन दुकानांची नावं आज आठवतात? पण थांबणं आणि तयारी करत थांबणं यांत फरक आहे. एशियन पेंट्सचं उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गात नेहमी देतात: 1970 च्या सुमारास, भारतात भल्याभल्या संस्थांकडे संगणक नसताना, या रंगवाल्यांनी तो घेतला आणि मागणीचा अंदाज बांधायला वापरला. ऐकणारे 'केवढी दूरदृष्टी' म्हणून थक्क होतात. मला त्या गोष्टीतला आधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठे घाऊक व्यापारी दाराशी उभं करेनात तेव्हा ही कंपनी त्यांना वळसा घालून छोट्या गावांतल्या दुकानदारांकडे थेट गेली होती. कोणत्या गावात पोळ्याच्या आधी कोणता रंग, केवढ्या डब्यात खपतो, ही माहिती मधल्या घाऊकवाल्याच्या पोटात अडकत नव्हती. ती कंपनीच्या हातात येत होती. संगणकाला खायला धान्य तयार होतं. ज्या कंपनीचा माल आजही घाऊकवाल्याच्या गोदामापर्यंत जातो आणि पुढे त्याचं काय होतं हे तिला माहीतच नसतं, तिने कितीही महागडं 'अ‍ॅनालिटिक्स' घेतलं तरी ती कशाचं विश्लेषण करणार? उलट बाजूला एचएमटी ही सरकारी घड्याळ कंपनी बघा. क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांचं, तंत्र तिच्याकडे होतं, नाव तर असं होतं की निवृत्तीला सोन्याऐवजी तिचं घड्याळ देत. माझ्या वडिलांचं अजून चालतं. टायटन 1984 मध्ये जन्मली. जानेवारी 2016 मध्ये एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मधली तीस वर्षं तंत्रावाचून गेली, असं कोणी म्हणू शकेल का?

आता 'विश्वास डाउनलोड होत नाही'. वाक्य छान आहे. पण विश्वास कशावर होता, हे कधी उलगडून पाहिलंय? आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आणंद. तिथल्या दूध मंडळ्यांचं सगळं चालतं ते शेतकऱ्याच्या विश्वासावर, यात वाद नाही; 1946 पासूनची पुण्याई आहे. तरीही 1990 च्या दशकात त्या मंडळ्यांनी दूध घेताना फॅट मोजायची इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवायला सुरुवात केली. दूध घातलं की वजन, फॅट आणि रुपये छापलेली पावती तिथल्या तिथे हातात. पूर्वी नमुना घेतला जायचा, मोजणी नंतर व्हायची, आकडा वहीत चढायचा. म्हणजे आकडा आणि दूध घालणारी बाई यांच्यामध्ये एक माणूस होता. यंत्राने त्या माणसाच्या हातातली ढिलाई काढून घेतली. जुन्या संस्थेने मायेचा धागा तोडला, असं कोणी म्हणालं का? माझ्या मते त्या विश्वासाला पहिल्यांदा पुरावा मिळाला. आमचे डीलर 'नातेसंबंध' म्हणत त्यातलं निम्मं नातं गिऱ्हाइकाला दुसरा भाव माहीत नसण्यावर उभं होतं. तो विश्वास डाउनलोड होत नाही हे खरंच, कारण उघड्यावर तो टिकत नाही.

अर्थात तरुण सल्लागारांना मी इतक्यात सोडणार नाही. यंत्र आलं की विश्वास आपोआप येतो, हा त्यांचा समज तितकाच पोकळ आहे. सयाजीराव महाराजांनी 1908 साली याच गावात स्थापन केलेली बँक ऑफ बडोदा घ्या. तिचं मोबाइल अ‍ॅप आलं, वापरणारे वाढले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या अ‍ॅपवर नवे ग्राहक घ्यायला मनाई केली. ग्राहक ज्या पद्धतीने जोडले जात होते त्याबद्दलच आक्षेप होता. मे 2024 मध्ये बंदी उठली. आत नेमकं काय घडलं ते तपासणाऱ्यांनी पाहिलं असेल. मला बाहेरून एवढंच कळतं की कोणत्याही मोठ्या संस्थेत वरून 'इतकी नोंदणी झालीच पाहिजे' असा आकडा सुटला की खालचा माणूस तो आकडा पुरा करतो. ग्राहकाला अ‍ॅपचा उपयोग झाला की नाही हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. हे बँकेपुरतं नाही. डिजिटल प्रगती डाउनलोडमध्ये मोजणारी कंपनी म्हणजे किती मैल रूळ टाकले ते सांगणारी आणि गाडी कोण ओढतंय ते न सांगणारी रेल्वे.

राहिला तोटा कोणी सोसायचा हा प्रश्न. दोन्ही वक्त्यांनी तो टाळला, आणि मराठी माणसाने तरी तो टाळू नये, कारण आपण त्याची किंमत एकदा मोजलेली आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांसमोरही जुनं-नवं हाच पेच होता. यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, जुन्या मागांवर पैसे घालायला बरेचसे मालक तयार नव्हते, आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे काय झालं? गिरण्यांनी बदलाशी जुळवून घेतलंच की. जमिनी विकल्या, मॉल उभे राहिले. भागधारकाच्या नजरेने पाहिलं तर तेही यशस्वी 'रूपांतर' म्हणता येईल. गिरणगावातल्या खोलीतून पाहिलं तर? सगळा तोटा एका बाजूच्या ताटात वाढला गेला. तेव्हापासून कामगाराला 'बदल' हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो, आणि तो येणं मला अगदी रास्त वाटतं. स्टोअरकीपरने लाल वही का सोडली नाही याचं निम्मं उत्तर तिथे आहे. वही गेली की आपणही जाणार, असं त्याला वाटत होतं. नाही जाणार, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

याच्या उलटही घडू शकतं, आणि त्यासाठी लांब जायला नको. आमच्या सौभाग्यवती एका सरकारी बँकेत क्लार्क होत्या. बँकांमध्ये संगणक आणण्याला युनियनांचा कडवा विरोध होता, आणि आज त्यावर विनोद केले जातात. पण त्या विरोधातूनच 1983 चा करार निघाला: कुठे, किती, कशा अटींवर यंत्रं बसवायची ते टेबलावर बसून ठरलं. बदल संथ झाला, कंटाळवाणा झाला. खातेवहीतल्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंगची यंत्रं आली तेव्हा हिचं टेबल बदललं, पगार नाही. 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा सरकारी बँकांतले लाखभर लोक पैसे घेऊन बाहेर पडले, ज्यांना राहायचं होतं ते शिकले. ही शिकली. चाळिशीच्या पुढे, चिडचिड करत, घरी येऊन माझ्यावर वैताग काढत. सल्लागार म्हणतील, वीस वर्षं वाया घालवली. असतील. पण त्या बँका उभ्या आहेत, आणि तिथल्या माणसांनी सिस्टीममध्ये खोटे आकडे भरून तिला पाडलं नाही. आमच्या कारखान्यात दीड वर्षात सगळं उरकलं होतं.

म्हणून एखाद्या जुन्या कंपनीने मला विचारलं (कोणी विचारत नाही, हे सांगायला हवं) तर मी सॉफ्टवेअरची यादी मागणार नाही. गेल्या वर्षी काय बंद केलंत ते विचारेन. एखादा फॉर्म, एखादी सही, एखादं कमिशन, एखादा गुप्त भाव, काहीही. उत्तर 'काही नाही' असेल तर बाकीची माहिती ऐकायची गरज नाही. काही बंद केलं असेल तर ते करणाऱ्याला नंतर बढती मिळाली की त्याची बदली झाली, हे विचारेन. आमच्या त्या तरुण इंजिनियरची सर्व्हिस विभागात बदली झाली होती. दोन वर्षांनी तो गेला.

परिसंवाद संपल्यावर बाहेर आमच्या मराठी मंडळाचे कोषाध्यक्ष भेटले. उत्साहात होते. मंडळाचं अ‍ॅप काढायचं ठरतंय म्हणाले. वर्गणी, कार्यक्रमांची तिकिटं, सगळं त्यावर. मी विचारलं, "मग पावतीपुस्तकं बंद करणार ना?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी गणपतीची आरती बंद करायला सांगितली. "छे हो! पावतीपुस्तकं आमच्या काकांकडे असतात, चाळीस वर्षांपासून. त्यांना काय वाटेल? दोन्ही ठेवू की. काय बिघडतं?" मग त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं आणि माझी या वर्षीची वर्गणी राहिली आहे याची आठवण करून दिली. मी फोनवरून यूपीआयने पाचशे एक रुपये दिले. त्यांनी कार्बन पेपर सरळ केला, पावती फाडून दिली, आणि काकांच्या वहीत चढवायला म्हणून माझं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.